पोकलेनची साखळी तुटत का नाही? उत्तर दडलंय १८३९ सालच्या एका वहीत

रस्त्याचं काम सुरू झालं की तिथं दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे पोकलेन आणि दुसरी म्हणजे काम बघत उभी राहिलेली पब्लिक. २०१९ मध्ये जेसीबी की खुदाईचे मीम आले तेव्हा अख्ख्या देशाला कळलं की हे वेड फक्त आपल्याच गावात नाही.

पण पुढच्या वेळी बघत उभं राहाल तेव्हा बकेटकडे नाही, खाली साखळीकडे बघा.

वीस-वीस टनांचं धूड त्या साखळीवर उभं असतं. खाली दगड, मुरूम, चिखल. मशीन जागच्या जागी वळतं तेव्हा साखळीच्या एकेका कडीला पीळ बसतो. तरी ती सहजासहजी तुटत नाही. मशीनच्या इंजिनातल्या क्रँकशाफ्टचंही तसंच. मिनिटाला हजार-दोन हजार फेरे मारत वर्षानुवर्षं दणके खातो.

हे पार्ट एवढे चिवट कसे होतात? त्यामागं स्टीलची जात असते, त्यावर केलेली उष्णतेची प्रक्रिया असते. पण पाया असतो तो हॉट फोर्जिंगचा. म्हणजे लोखंड लालपिवळं होईपर्यंत तापवायचं आणि वितळू न देता दणके देऊन किंवा दाबून घडवायचं.

आपल्या गावचा लोहार कोयता आणि विळा बनवताना हेच करत आला. फरक एवढाच की लोहाराच्या हातात चार-पाच किलोचा घण असतो. टनावारी वजनाचा तुकडा घडवायचा म्हटलं की माणसाचा हात संपतो.

तिथून पुढची गोष्ट ज्या माणसाने सुरू केली, त्याचं नाव जेम्स नेस्मिथ. आणि ही गोष्ट नुसत्या हातोड्याची नाही. डोक्यातली आयडिया नेमकी कुणाची असते, या भांडणाचीही आहे.

चित्रकाराच्या घरात लोखंडाचं वेड

जेम्स नेस्मिथ १९ ऑगस्ट १८०८ रोजी स्कॉटलंडच्या एडिनबरा शहरात जन्मला. वडील अलेक्झांडर नेस्मिथ नावाजलेले चित्रकार. कवी रॉबर्ट बर्न्सचं जे चित्र जगभर ओळखलं जातं, ते यांनीच काढलेलं. थोरला भाऊ चित्रकार, बहिणीही चित्रकार. थोडक्यात, घरात ब्रश आणि रंग सोडून दुसरा विषय नाही असं वाटावं.

पण वडिलांना आणखी एक नाद होता. घरातच त्यांनी छोटं वर्कशॉप थाटलं होतं. तिथं लेथ होतं, हत्यारं होती. फावल्या वेळात ते पुलांची डिझाइन करायचे. चित्रकला आणि यंत्र या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे पोराला कुणी शिकवलंच नाही, आणि पुढे त्याचा त्याला प्रचंड फायदा झाला. कारण डोक्यातली मशीन तो काही मिनिटांत कागदावर उतरवू शकायचा.

शाळेत काही मन रमेना. एका दोस्ताच्या वडिलांची ओतकामाची फाउंड्री होती, पोरगं सगळा वेळ तिथं. बाराव्या वर्षी शाळा सुटली. नंतर एडिनबराच्या स्कूल ऑफ आर्ट्समध्ये तंत्रशिक्षणाचे क्लास केले.

या काळात तो वाफेच्या इंजिनची मॉडेल बनवून विकायचा आणि त्या पैशातून क्लासची फी भरायचा. मॉडेलसाठी पितळ ओतायला जागा कुठली? तर स्वतःची बेडरूम. खालच्या खोलीत वडील झोपायचे आणि हा वर रात्री शेगडीवर पितळ वितळवत बसायचा, आवाज होणार नाही अशा बेताने. वीस वर्षांचा व्हायच्या आतबाहेर त्याने रस्त्यावर धावणारी वाफेची गाडी बनवली. आठ माणसं बसायची तिच्यात. रेल्वेचं युग नीट सुरूही झालं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट.

राख झाडायची पण तयारी

त्या काळी यंत्रांच्या दुनियेत एक नाव सगळ्यात मोठं होतं, लंडनचे हेन्री मॉडस्ले. अचूक स्क्रू कापणारं लेथ, हजारो पार्ट एकसारखे बनवण्याची शिस्त, हे सगळं त्यांच्या कारखान्यात घडलं. नेस्मिथला तिथंच शिकायचं होतं.

अडचण एकच होती. मॉडस्ले यांनी शिकाऊ पोरं घेणं बंद केलं होतं.

१८२९ मध्ये नेस्मिथ वडिलांना घेऊन लंडनला गेला. मॉडस्ले यांनी नकार दिला, पण कारखाना फिरून बघायला परवानगी दिली. फिरताना एक माणूस बॉयलरची राख काढताना दिसला. तेव्हा नेस्मिथने सांगून टाकलं की हे काम मिळालं तरी मी खुशीने करेन. मॉडस्ले यांना पोराचं पाणी दिसलं. त्यांनी त्याने आणलेलं इंजिनचं मॉडेल आणि ड्रॉइंग बघितली आणि शिकाऊ म्हणून नाही तर थेट आपला खास मदतनीस म्हणून ठेवून घेतलं.

पगार आठवड्याला १० शिलिंग. एवढ्यात लंडनमध्ये भागणं अवघड, पण घरून पैसे मागायचे नाहीत असं ठरलेलं. मग त्याने तेलाच्या दिव्यावर चालणारं स्वयंपाकाचं भांडं स्वतः डिझाइन केलं. सकाळी गोमांस आणि बटाटे टाकून दिवा मंद लावायचा आणि कामाला जायचं. संध्याकाळी येईपर्यंत जेवण तयार. आपल्याकडे पुण्या-मुंबईत कॉटबेसिसवर राहून इंडक्शनवर खिचडी लावणाऱ्या पोरांना हे लगेच कळेल.

१८३१ मध्ये मॉडस्ले वारले. नेस्मिथ काही काळ तिथं थांबला, मग एडिनबराला परतला, स्वतःची मशीन टूल्स बनवली आणि १८३४ मध्ये मँचेस्टर गाठलं. कापडगिरण्यांमुळे मँचेस्टर तेव्हा जोरात होतं. एका जुन्या गिरणीचा मजला भाड्याने घेऊन काम सुरू केलं. खालच्या मजल्यावर काच कापणारा भाडेकरू होता. एक दिवस वरच्या अवजड इंजिनचा भाग जमीन फोडून थेट त्याच्या डोक्यावरच्या छतातून खाली आला. घरमालकाने काय केलं असेल ते सांगायला नको.

१८३६ मध्ये शहराबाहेर पॅट्रिक्रॉफ्ट इथं जागा मिळाली. एका बाजूला ब्रिजवॉटर कालवा, दुसऱ्या बाजूला लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे. माल आणायला आणि पाठवायला यापेक्षा भारी जागा नाही. होलब्रुक गॅस्केल हा पार्टनर हिशोब आणि ऑफिस बघायचा, नेस्मिथ मशीन बघायचा. कारखान्याचं नाव ठेवलं ब्रिजवॉटर फाउंड्री.

इथं १८३८ मध्ये त्याने एक छोटी पण जीव वाचवणारी गोष्ट केली. वितळलेलं लोखंड ज्या मोठ्या डावात असतं तो डाव तेव्हा माणसं दांड्याला धरून वाकवायची. एकाचा तोल गेला की उकळतं लोखंड सगळ्यांच्या अंगावर. नेस्मिथने डावाला गिअर बसवला. चाक फिरवलं की डाव हळूहळू कलतो, एकटा माणूस काम करू शकतो. याचं पेटंट त्याने घेतलं नाही. उलट ड्रॉइंग इतर फाउंड्रींना पाठवून दिली.

हे लक्षात ठेवा, कारण पुढच्या शोधाच्या वेळी पेटंटच सगळ्यात मोठा मुद्दा ठरला.

जहाजाचा शाफ्ट आणि अर्ध्या तासाचं चित्र

१८३९ मध्ये ब्रिस्टलला इझाम्बार्ड ब्रुनेल ग्रेट ब्रिटन नावाचं अवाढव्य लोखंडी जहाज बांधत होता. ठरल्याप्रमाणे त्याला बाजूला मोठी पॅडल चाकं बसणार होती. ती फिरवायला सुमारे ३० इंच जाडीचा शाफ्ट हवा होता. इंजिनचं काम बघणाऱ्या फ्रान्सिस हम्फ्रीज यांनी सगळीकडे विचारलं. एवढा शाफ्ट ठोकून घडवायला एकही कारखाना तयार होईना. शेवटी नोव्हेंबर १८३९ मध्ये त्यांनी नेस्मिथला पत्र लिहिलं.

अडचण नेमकी काय होती?

तेव्हाचे मोठे हातोडे ढेकीसारखे चालायचे. एका लांब दांड्याच्या टोकाला लोखंडी डोकं. फिरणारं चाक दांड्याला वर उचलायचं आणि सोडून द्यायचं. डोकं ऐरणीवर आदळायचं. पण हातोडा वर जाण्याची उंची ठरलेली. आता ऐरणीवर छोटा तुकडा ठेवला तर हातोड्याला पडायला भरपूर अंतर, दणका जोरात. मोठा तुकडा ठेवला तर ते अंतर तुकड्यानेच खाल्लं. म्हणजे जिथं सगळ्यात जोरात मारायला पाहिजे तिथंच दणका सगळ्यात हलका. शिवाय दांडा गोल कमानीत फिरत असल्याने जाड तुकड्यावर डोकं तिरकं बसायचं.

नेस्मिथने दांडाच काढून टाकला.

त्याच्या चित्रात ऐरणीच्या बरोबर वर एक उभं सिलिंडर होतं. त्यातल्या पिस्टनचा दांडा खाली येतो आणि त्यालाच हातोड्याचं वजनदार डोकं लटकतं. वाफ पिस्टनच्या खाली सोडली की डोकं सरळ वर. वाफ बाहेर काढली की डोकं सरळ खाली. किती उंच न्यायचं, किती जोरात सोडायचं, मध्येच थांबवायचं का, हे सगळं वाफेच्या व्हॉल्व्हवर बसलेल्या माणसाच्या हातात.

त्याच्या स्वतःच्या आठवणींनुसार पत्र मिळाल्यावर जेमतेम अर्ध्या तासात हे चित्र त्याच्या वहीत उतरलं होतं. या वहीला तो स्कीम बुक म्हणायचा. हम्फ्रीज आणि ब्रुनेल यांना चित्र आवडलं.

आणि मग ऑर्डरच रद्द झाली.

ब्रुनेलने पॅडल चाकं सोडून मागे स्क्रू प्रोपेलर लावायचं ठरवलं. जाड शाफ्टची गरज उरली नाही. धंद्यात मंदी होती, दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. पेटंटला भरपूर पैसे लागायचे आणि गॅस्केलला तो खर्च नको होता. वही कपाटात गेली.

फ्रान्समध्ये भेटला स्वतःचाच हातोडा

एप्रिल १८४२ मध्ये नेस्मिथ कामानिमित्त फ्रान्सला गेला आणि वाटेत ल क्रूझो इथला श्नायडर कंपनीचा कारखाना बघायला थांबला. तिथं जहाजाच्या इंजिनचा एक मोठा क्रँक इतका साफ घडवलेला दिसला की त्याने विचारलं, हा बनवला कसा. कारखान्याचे इंजिनिअर फ्रान्स्वा बुर्दों यांनी सांगितलं की तुमच्याच हातोड्याने. आणि त्याला फोर्जिंग शॉपमध्ये नेलं.

समोर वाफेचा हातोडा धडधडत होता. ज्याचं नेस्मिथकडे फक्त चित्र होतं.

झालं होतं असं की काही काळापूर्वी श्नायडर आणि बुर्दों पॅट्रिक्रॉफ्टला येऊन गेले होते. नेस्मिथ तेव्हा बाहेरगावी. पाहुण्यांचा मान म्हणून गॅस्केलने स्कीम बुक काढून दाखवलं. बुर्दों यांनी चित्र बघितलं, परत गेले आणि हातोडा उभा केला.

ही झाली नेस्मिथची बाजू. बुर्दों यांची बाजू वेगळी. त्यांचं म्हणणं होतं की अशा हातोड्याची कल्पना आपल्याकडे आधीपासून होती. १८४२ मध्ये त्यांनी फ्रान्समध्ये पेटंटही घेतलं. वाफेने हातोडा चालवायची कल्पना तर जेम्स वॉटनेही कित्येक वर्षं आधी कागदावर मांडली होती. त्यामुळे शोध नेमका कुणाचा यावर आजही दोन्ही देशांची मतं वेगळी आहेत. जगातला पहिला चालू हातोडा फ्रान्समध्ये उभा राहिला हे मात्र दोन्हीकडे मान्य आहे.

नेस्मिथ घाईने परत आला, मेहुण्याकडून पैसे उसने घेतले आणि जून १८४२ मध्ये इंग्लंडचं पेटंट काढलं. लगेच पॅट्रिक्रॉफ्टला हातोडा उभा राहिला.

यात तिसरंही नाव आहे, जे बऱ्याचदा गाळलं जातं. रॉबर्ट विल्सन. हा पॅट्रिक्रॉफ्टचा मॅनेजर. सुरुवातीच्या हातोड्याचा व्हॉल्व्ह प्रत्येक दणक्याला हाताने हलवावा लागायचा. विल्सनने हातोडा आपोआप चालत राहील अशी यंत्रणा बसवली. त्यामुळे दणके भराभर आणि हव्या त्या जोराने बसू लागले. आयडिया एकाची, पहिला चालू हातोडा दुसऱ्याचा आणि तो खरा कामाचा बनवला तिसऱ्याने. शोधांच्या गोष्टी शक्यतो अशाच असतात, आपण फक्त एक नाव पाठ करतो.

अंड्याची टिचकी आणि १२ तासांचं काम साडेचार मिनिटांत

आता या हातोड्याची एक खेळी फेमस झाली. ऐरणीवर वाइनचा ग्लास ठेवायचा, त्यात अंडं. टनावारी वजनाचा हातोडा वरून खाली यायचा आणि अंड्याचं कवच तेवढं फोडायचा, ग्लासला ओरखडा नाही. पुढच्याच दणक्याला अख्खी इमारत हलायची. बघायला लोक लांबून यायचे. म्हणजे मशीन बघायला गर्दी करायची सवय आपली एकट्याची नाही.

मग नेस्मिथने हाच हातोडा बांधकामावर नेला. पूल किंवा गोदी बांधायची तर पाण्याखालच्या चिखलात लाकडाचे जाड खांब ठोकावे लागतात. माणसं दोरीने वजन वर ओढायची आणि सोडायची. १८४५ मध्ये डेव्हनपोर्टच्या नौदल गोदीत शर्यत लागली. ७० फूट लांब आणि १८ इंच जाडीचे दोन खांब. एकीकडे माणसं, दुसरीकडे नेस्मिथचं वाफेचं मशीन.

मशीनने साडेचार मिनिटांत खांब ठोकला. माणसांना १२ तास लागले.

न्यूकॅसलच्या हाय लेव्हल ब्रिजचा पाया याच मशीनने ठोकला गेला. आज मेट्रोच्या किंवा खाडीपुलाच्या कामावर पाइल ठोकणारं मशीन दिसतं, ते याच घराण्यातलं. १८५६ पर्यंत नेस्मिथच्या कारखान्याने ४९० हातोडे बनवले. ते रशिया, ऑस्ट्रेलिया आणि भारतापर्यंत गेले.

फोर्जिंगने लोखंड चिवट का होतं?

घावनासाठी पीठ पातळ करून तव्यावर ओततात. चपातीसाठी कणीक मळावी लागते. ओतकाम आणि फोर्जिंग यांच्यातला फरक साधारण असा समजा. ओतलेल्या धातूत थंड होताना बारीक पोकळ्या राहू शकतात. फोर्जिंगमध्ये स्टील साधारण १२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात, म्हणजे ते मऊ होतं पण वितळत नाही. मग दणक्याने किंवा दाबाने आतल्या पोकळ्या मिटतात आणि जाड कण मोडून बारीक होतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लाकडाला जशा रेषा असतात तशा घडवलेल्या धातूतही कणांच्या रेषा तयार होतात. क्रँकशाफ्ट ठोकळ्यातून कापून काढला तर या रेषा वळणावर तुटतात. फोर्ज केला तर रेषाही आकाराबरोबर वळतात. लाकूड रेषेच्या आडवं सहज मोडत नाही, तसंच हे. म्हणून जिथं सतत दणके आणि पीळ बसतात तिथले पार्ट फोर्ज करतात.

आता साच्याच्या दोन भागांमध्ये तापलेलं स्टील ठेवून हजारो एकसारखे पार्ट काढले जातात. हे काम आपल्या जवळच चालतं. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत फोर्जच्या मुंढव्याच्या कारखान्यातून क्रँकशाफ्ट आणि ट्रकचे अ‍ॅक्सल जगभर जातात.

पण घामाचं काय?

इथवर वाचून नेस्मिथ हिरो वाटेल. पण गोष्टीची दुसरी बाजू सांगितली नाही तर ती अर्धीच राहील.

१८३६ मध्ये पॅट्रिक्रॉफ्टला संप झाला. सात वर्षं उमेदवारी केलेल्या कारागिरांनाच कामावर घ्या, अशी युनियनची मागणी होती. नेस्मिथने ती धुडकावली आणि स्कॉटलंडहून ६० पेक्षा जास्त कामगार आणले. १८५१-५२ मध्ये इंजिनिअरिंग कामगारांचा मोठा संघर्ष झाला तेव्हाही तो मालकांच्या बाजूने उभा होता. आपोआप चालणारी मशीन असली की अनुभवी कारागिराऐवजी पोरासोरांकडून काम करून घेता येतं, हे त्याने सरकारी चौकशी आयोगासमोर मोकळेपणाने सांगितलं. त्याची ही साक्ष पुढे कार्ल मार्क्सच्या कॅपिटल या ग्रंथात आली.

डाव कलंडून कामगार भाजू नये म्हणून फुकट ड्रॉइंग वाटणारा माणूसही तोच आणि कामगाराची गरजच कमी व्हावी म्हणून मशीन बनवणाराही तोच. डेव्हनपोर्टच्या शर्यतीत टाळ्या मशीनला पडल्या. १२ तास दोरी ओढणाऱ्यांच्या कामाचं पुढे काय, हा प्रश्न मात्र तिथंच राहिला. एआयच्या काळात तो प्रश्न आपल्याला नवा नाही.

हातोडा ठेवला, दुर्बीण उचलली

१८५६ मध्ये वयाच्या ४८ व्या वर्षी नेस्मिथने धंद्यातून निवृत्ती घेतली. पुरेसा पैसा झालाय, आता आवडीचं करू, असा साधा हिशोब. बायको अ‍ॅनला घेऊन तो केंट परगण्यातल्या पेन्सहर्स्टला राहायला गेला. घराचं नाव ठेवलं हॅमरफिल्ड.

तिथं त्याने पूर्णवेळ आकाश बघितलं. त्याची २० इंची दुर्बीण त्याने स्वतः बनवलेली होती. ती कुठेही वळवली तरी बघणाऱ्याला जागचं हलावं लागत नाही, कारण आरशांच्या मदतीने प्रकाश दुर्बिणीच्या कण्यातून बाजूला बाहेर येतो. ही रचना आजही नेस्मिथ फोकस म्हणून ओळखली जाते आणि हवाईच्या केक वेधशाळेसारख्या मोठ्या दुर्बिणींमध्ये वापरली जाते.

१८७४ मध्ये जेम्स कार्पेंटर यांच्यासोबत त्याने चंद्रावर पुस्तक काढलं. तेव्हाच्या कॅमेऱ्यात चंद्राचे बारकावे येत नव्हते. मग पठ्ठ्याने दुर्बिणीतून चित्रं काढली, त्यावरून प्लास्टरची मॉडेल बनवली, उन्हात ठेवली आणि त्यांचे फोटो काढले. चंद्रावरचे खड्डे ज्वालामुखीने झाले हा त्याचा अंदाज पुढे चुकला, बहुतेक खड्डे उल्कांच्या धडकेने झालेत. पण फोटो बघून लोक आजही थबकतात. चित्रकाराचा पोरगा शेवटी चित्राकडेच परत आला होता.

७ मे १८९० रोजी लंडनमध्ये त्याचं निधन झालं. एडिनबराच्या डीन स्मशानभूमीत त्याला पुरलं. चंद्रावरच्या एका विवराला आज त्याचं नाव आहे. त्याच्या कंपनीच्या नावात पुढे विल्सनचंही नाव लागलं, म्हणजे निदान एका माणसाचं श्रेय पाटीवर आलं. आणि ल क्रूझोला गेलात तर श्नायडर कंपनीने १८७७ मध्ये उभारलेला १०० टनी हातोडा गावात अजून उभा दिसतो.

ज्या जहाजासाठी ते चित्र काढलं होतं, त्या जहाजाला हातोड्याची गरजच पडली नाही. ते जहाज आता ब्रिस्टलमध्ये म्युझियम म्हणून उभं आहे. आणि पोकलेनची साखळी इकडे आपल्या रस्त्यावर दगड चिरडत पुढे चाललीय.